प्रतिभेची किंमत आणि औषधाची गोळी

कलावंत आणि वेड यांची सांगड घालण्याची प्रथा फार जुनी आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर मोडणाऱ्या एका प्राचीन ग्रंथात असा प्रश्न उपस्थित केला आहे की, तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला यांत श्रेष्ठ ठरलेले पुरुष विषण्ण प्रकृतीचे का असतात? ते तसे असतात की नाही, हे तपासण्याची गरज त्या ग्रंथकाराला वाटली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रोमँटिक वाङ्मयाने या गृहीताचे श्रद्धेत रूपांतर केले आणि दुःख हेच प्रतिभेचे इंधन होय, असे सुशिक्षित मध्यमवर्ग मानू लागला. मनोविकारांवरील औषधांचा प्रसार झाल्यावर या श्रद्धेला वादाचे रूप आले. 1987 च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रोझॅक या विषादनिवारक औषधाला मान्यता मिळाली. त्या औषधावर 1993 मध्ये पुस्तक लिहून गाजलेले मानसोपचारतज्ज्ञ पीटर क्रेमर जेथे जेथे बोलावयास जात, तेथे श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येई : व्हान गॉगला ही गोळी मिळाली असती तर?

या प्रश्नात असे सुचविलेले असते की, तो बरा झाला असता तर जग त्याच्या चित्रांना मुकले असते. सबब त्याचे आजारी राहणे जगाच्या दृष्टीने फायद्याचे ठरले. प्रश्न वरकरणी सौंदर्यशास्त्राचा दिसतो. वस्तुतः तो वाटणीचा आहे. कोणत्याही वस्तूच्या उत्पादनाविषयी अर्थशास्त्र प्रथम असे विचारते की, तिचा खर्च कोणावर पडला आणि लाभ कोणाच्या पदरात पडला. हीच कसोटी येथेही लावून पाहिली पाहिजे.

व्हिन्सेंट व्हान गॉग 1853 मध्ये हॉलंडमध्ये जन्मला. बेल्जियमच्या बोरिनाज भागातील खाणकामगारांत धर्मोपदेशक म्हणून त्याने काही काळ काढला आणि तेथेच, 1880 च्या सुमारास, चित्रकलेकडे वळण्याचा निश्चय केला. त्यानंतरची दहा वर्षे त्याचा भाऊ थिओ याने त्याला पोसले. ही रक्कम काही काळ दरमहा 150 फ्रँकच्या आसपास होती, पुढे ती वाढली. शिवाय रंग आणि कापडाचा खर्च वेगळा. या रकमेचे मान समजण्यासाठी दुसरा एक आकडा उपयोगी पडतो. आर्ल येथील रेल्वे स्थानकावर टपालखात्यात काम करणारा जोसेफ रूलँ हा व्हिन्सेंटचा मित्र होता. त्याचा पगार महिना 135 फ्रँक असून त्यात तो बायको आणि तीन मुले यांचा संसार चालवीत होता. म्हणजे व्हिन्सेंट अन्नान्नदशेत असल्याने थोर झाला, ही समजूतही तितकीशी खरी नाही. दहा वर्षे खंड न पडता मिळालेल्या मदतीमुळे त्याला काम करता आले. ही मदत राज्याने दिली नाही, बाजाराने तर नाहीच. ती एका भावाने आपल्या पगारातून दिली.

आता आजाराकडे वळू या. 23 डिसेंबर 1888 रोजी आर्ल येथे पहिला मोठा झटका आला आणि त्यात त्याने आपला कान कापून घेतला. पुढच्या काही आठवड्यांत शेजारपाजारच्या सुमारे तीस नागरिकांनी सह्यांचे निवेदन देऊन या माणसाला डांबून ठेवावे अशी मागणी केली. पोलिसांनी त्याच्या घराला सील ठोकले. पहिल्या झटक्यानंतरच्या दिवसांत इस्पितळात जाऊन त्याची विचारपूस करणारा आणि थिओला पत्राने खबर देणारा माणूस म्हणजे तो टपालखात्यातील रूलँ. मे 1889 मध्ये व्हिन्सेंट स्वतःहून सँ रेमी येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. तेथे उपचार म्हणून दीर्घकाळ पाण्यात बसविण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

त्या वर्षभरात त्याने सुमारे दीडशे चित्रे काढली, ही गोष्ट वेड आणि प्रतिभा यांच्या नात्याचा पुरावा म्हणून नेहमी सांगितली जाते. परंतु ही चित्रे कोणत्या दिवसांत काढली गेली? आज सर्वांना ठाऊक असलेले तारांकित रात्रीचे चित्र जून 1889 मधले. तेव्हा त्याची प्रकृती तुलनेने शांत होती. जुलैच्या मध्यास पुन्हा झटका आला आणि ऑगस्ट संपत येईपर्यंत काम जवळजवळ बंद पडले. या अवस्थेत तो रंग गिळू पाहत असल्यामुळे त्याला चित्रशाळेत जाण्यास मज्जाव करावा लागला. पत्रांतून तो स्वतःच्या आजाराकडे कामात येणारा अडथळा म्हणूनच पाहताना दिसतो. आजाराने चित्रे दिली, असे त्याला कधी वाटले नाही. दोन झटक्यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत जमेल तितके काम उरकून घ्यावे, अशी त्याची धडपड होती. 29 जुलै 1890 रोजी वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याचा आत्मघाताने अंत झाला. कामाचा एकूण काळ दहा वर्षांचा. तो आणखी तीस वर्षे जगता तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र सभांतून विचारला जात नाही.

लाभाची बाजूही पाहू या. मृत्यूपूर्वी दोन महिने ज्यांच्या देखरेखीखाली तो होता, त्या डॉक्टर गाशे यांचे त्याने जून 1890 मध्ये व्यक्तिचित्र काढले. हे चित्र पुढे 1897 मध्ये 300 फ्रँकना विकले गेले. मे 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एका जपानी कागद-उद्योगपतीने तेच चित्र 8 कोटी 25 लाख डॉलर मोजून घेतले. या शंभर वर्षांत चित्रावर रंगाचा एक फटकाराही वाढला नव्हता. वाढली ती दंतकथा. वेड्या प्रतिभावंताची कथा ही कलाबाजारातील भांडवलाची वृद्धी करणारी वस्तू आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ती इतक्या आस्थेने का जपली जाते याचा उलगडा होतो.

आणि ज्या बाईमुळे ही चित्रे जगापुढे आली, तिचे नाव या दंतकथेत क्वचितच येते. थिओ जानेवारी 1891 मध्ये वारला. त्याची तरुण विधवा जोहाना हिने तान्ह्या मुलाला घेऊन हॉलंडमध्ये खाणावळवजा वसतिगृह चालविले, कोणालाही विशेष मोल न वाटणारी ती चित्रे सांभाळली, प्रदर्शने भरविली आणि 1914 मध्ये दोघा भावांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. ही जोहाना हॉलंडच्या समाजवादी लोकशाही पक्षाची सभासद होती आणि स्त्री कामगारांच्या चळवळीत तिने काम केले होते. थिओचा पगार, रूलँचा शेजारधर्म आणि जोहानाचे पंचवीस वर्षांचे कष्ट हे सारे वजा करून उरते ते फक्त वेड. रोमँटिक कथेला तेवढेच पुरते.

एका माणसाच्या चरित्रावरून सिद्धांत काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. यास्तव व्यापक पाहण्यांकडे वळावे. डेन्मार्कचे मोगेन्स शू यांनी 1979 मध्ये उन्माद-विषाद विकार असलेल्या आणि लिथियम घेणाऱ्या 24 कलावंतांची चौकशी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 12 जणांनी औषधाने आपली निर्मिती वाढली असे सांगितले, 6 जणांना फरक जाणवला नाही आणि 6 जणांची निर्मिती घटली. या शेवटच्या सहांची तक्रार खोटी म्हणून बाजूला सारता येणार नाही. परंतु बारांना विसरून केवळ त्या सहांवर सिद्धांत रचणेही अप्रामाणिकपणाचे आहे. स्वीडनमध्ये सिमोन क्यागा आणि सहकाऱ्यांनी दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये निष्कर्ष मांडले. सर्जनशील व्यवसायांतील लोकांत मनोविकार एकंदरीने अधिक आढळले नाहीत. अपवाद उन्माद-विषाद विकाराचा. लेखकांमध्ये मात्र अनेक विकारांचे आणि आत्महत्यांचे प्रमाण अधिक होते. लक्षणीय बाब अशी की, काही गंभीर विकारांत रुग्णांपेक्षा त्यांची निरोगी भावंडे आणि नातलग सर्जनशील व्यवसायांत अधिक दिसले. म्हणजे काही समान ठेवा असू शकेल. तथापि प्रत्यक्ष रोगाचा भार प्रतिभेला उपकारक असतो, असे त्यातून निघत नाही.

येथवर एका बाजूचा भ्रम झाला. दुसरा भ्रम डाव्या विचारांच्या वर्तुळात अधिक आढळतो. तो असा की, विषाद ही भांडवलशाहीची देणगी आहे आणि गोळी हे माणसाला व्यवस्थेशी जुळवून घ्यायला लावणारे अफूचे नवे रूप आहे. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे आणि तो स्वच्छ शब्दांत मान्य केला पाहिजे. बेकारी, कर्ज आणि अपमान यांचा मनावर परिणाम होतो. औषध कंपन्यांचा इतिहासही निर्मळ नाही. पॅक्सिल या औषधाचा 18 वर्षांखालील मुलांसाठी बेकायदा प्रचार केल्याच्या आणि अन्य आरोपांवरून ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने 2012 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून 300 कोटी डॉलर भरले. याच औषधाची मुलांवरील जी चाचणी 2001 मध्ये यशस्वी म्हणून छापली गेली होती, तिची मूळ माहिती 2015 मध्ये पुन्हा तपासली असता औषध परिणामकारक नव्हते आणि अपायकारक होते, असे दिसून आले. मेंदूतील सिरोटोनिन कमी झाल्याने विषाद येतो, हे जाहिरातींतून घरोघर पोचविलेले सूत्र. 2022 मध्ये जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात त्याला सुसंगत पुरावा आढळला नाही.

परंतु उपपत्ती चुकली म्हणून औषध निरुपयोगी ठरते काय? 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाचे रुग्ण आयप्रोनियाझिड या औषधाने अनपेक्षितपणे उल्हसित झाले आणि या साऱ्या शोधाला चालना मिळाली. कारण नंतर शोधले गेले. परिणामकारकतेविषयी 2008 मध्ये अर्व्हिंग कर्श यांनी दाखविले की, अत्यंत तीव्र विषाद असलेल्यांचा अपवाद सोडला तर औषध आणि दिखाऊ गोळी यांतील फरक अल्प आहे. 2018 मध्ये आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने 522 चाचण्या आणि 1 लाख 16 हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्र विचार केला. तपासलेली 21 ही औषधे दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक मध्यमही नव्हे, माफकच होता आणि बहुतेक चाचण्या सुमारे आठ आठवड्यांच्या होत्या. तरुणांत सुरुवातीच्या काळात आत्मघाती विचार वाढण्याचा धोका, भावना बोथट होण्याची तक्रार आणि औषध एकाएकी थांबविल्यास होणारा त्रास, या गोष्टीही नोंदल्या गेल्या आहेत. सारांश, हे अमृत नव्हे आणि अफूही नव्हे. हे मर्यादित उपयोगाचे, काहींना जीवदान देणारे आणि जाणत्या देखरेखीची गरज असलेले साधन आहे.

व्यवस्था बदलेपर्यंत रुग्णाने सोसावे, असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की, ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही तो मोर्चात येत नाही. क्षयाचे मूळ दारिद्र्यात आणि कोंदट घरांत आहे, हे समाजवाद्यांनी शंभर वर्षे सांगितले. म्हणून क्षयरोग्याला औषध नाकारा, असे कोणी म्हटले नाही. मनाच्या रोगापुरता वेगळा न्याय कशासाठी?

लिथियमचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्याचा गुण 1949 मध्ये दाखविला. ते निसर्गात सापडणारे साधे क्षार. त्यावर पेटंट घेता येत नाही, म्हणून ते पुढे रेटण्यात कोणत्याही कंपनीला रस नव्हता. अमेरिकेत त्याला मान्यता मिळण्यास 1970 साल उजाडले. नफा अधिक तेथे गोळीचा अतिरेक आणि नफा नाही तेथे गोळीची उपेक्षा, ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. केवळ पहिल्या अंगावर टीका करून भागत नाही.

भारतापुरते बोलायचे तर प्रश्न अतिरेकापेक्षा अभावाचा आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या प्रक्रियेलाच संरक्षण दिले, मूळ द्रव्याला दिले नाही. 2005 मध्ये तो बदलेपर्यंत देशी कारखान्यांनी अनेक औषधे स्वस्त केली. गोळी स्वस्त झाली, पण ती विचारपूर्वक लिहून देणारा माणूस रुग्णापर्यंत पोचला नाही. लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञ हे प्रमाणही देशाला गाठता आले नाही. 2015–16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. कायदा कागदावर उत्तम आहे. तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून किती दिवस मनोविकारांचा डॉक्टर बसतो, औषधांचा साठा किती दिवस पुरतो, समुपदेशनाची जागा भरलेली आहे की रिकामी, याची चौकशी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. शेतमजुराच्या बायकोला हा हक्क मिळाला की नाही, हे अशा चौकशीतूनच कळेल.

मित्रहो, चळवळीतही कवी असतात, शाहीर असतात, पोस्टर रंगविणारी मुले असतात. त्यांच्यापैकी कोणी महिनोन्‌महिने बोलेनासा होतो, सभेला येईनासा होतो. अशा वेळी त्याला ढिला पडला म्हणून मोडीत काढणारे भेटतात आणि कलावंत असाच असायचा म्हणून कौतुकाने सोडून देणारेही भेटतात. या दोन्ही प्रकारांत तो माणूस एकटाच राहतो. आर्लच्या तीस नागरिकांनी निवेदनावर सह्या केल्या. टपालखात्यातला रूलँ मात्र पहिल्या झटक्यानंतर इस्पितळात गेला आणि त्याने घरी पत्र लिहिले. त्याला वैद्यक येत नव्हते आणि चित्रकलाही येत नव्हती. तरीही काय करावयाचे ते त्याला बरोबर समजले होते.