चौकट आणि नजर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



विषय छायाचित्रणाचा आहे म्हटल्यावर काही पालकांच्या कपाळाला आठी पडली असेल. मुलांच्या हातातला मोबाईल आधीच सुटत नाही, त्यात हे मास्तर आणखी फोटो काढायला शिकवणार! पण मला बोलायचे आहे ते नजरेबद्दल, आणि तिच्या सरावाला मोबाईल लागतोच असे नाही.

जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या. त्यात ६ सेंटिमीटर रुंद व ४.५ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा. रुंदीच्या कडांवर २-२ आणि उंचीच्या कडांवर १.५-१.५ सेंटिमीटरवर खुणा करून दोन उभे व दोन आडवे दोरे चिकटवा. नऊ सारखी घरे होतील. आता एक डोळा मिटून त्यातून पाहा. पुठ्ठा डोळ्याजवळ धरलात तर अख्खी गल्ली मावते. हात लांब केलात तर एकच दार उरते. दोरे जिथे एकमेकांना छेदतात अशा चार जागा आहेत. पाहण्याची मुख्य गोष्ट त्यांपैकी एका जागेवर आणा. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली या तृतीयांशाच्या नियमाला नाव दिले, तेव्हा कॅमेऱ्याचे छायाचित्र जन्मालाही आले नव्हते. मोबाईलमध्ये हेच दोरे ‘ग्रिड’ म्हणून मिळतात.

हा पुठ्ठा घेऊन सिद्धेश्वर तलावाच्या काठी जा. पाण्याची कड आडव्या दोऱ्यावर ठेवा. वरच्या दोऱ्यावर ठेवली तर चित्र पाण्याचे होते, खालच्या दोऱ्यावर ठेवली तर आकाशाचे. दोन्ही बरोबर आहेत. फक्त तुम्हाला काय सांगायचे आहे ते आधी ठरवावे लागते. मात्र नियमाचे ओझे बाळगू नका. सहलीला विजापूरला गेलात तर १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या गोल घुमटासमोर बरोबर मध्यभागी उभे राहा. ज्या इमारतीची डावी-उजवी बाजू इतकी तंतोतंत जुळते, तिला एका कडेला ढकलणे मला तरी पटत नाही.

चार हुतात्म्यांच्या चौकातून आपण रोज जातो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. त्यांच्या पुतळ्यांभोवती एकदा पुठ्ठा घेऊन फिरा. एका ठिकाणाहून डोक्यामागे विजेचा खांब उगवल्यासारखा दिसेल, दुसरीकडून वाढदिवसाचा फलक आड येईल. दोन पावले सरकले की मागचे स्वच्छ आकाश सापडते. बहुतेक वाईट छायाचित्रे ही न उचललेल्या दोन पावलांची असतात.

आता प्रकाश. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम यांनी ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात दाखवून दिले की डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो. अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून प्रकाश सोडून त्यांनी प्रयोग केले. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, चेहरा ओळखू येत नाही. त्याच वेळी घराच्या दारातून आत येणारा उजेड पाहा, किती मऊ असतो. आपल्या शहरात कितीतरी घरांत अम्मी अशाच दारापाशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसतात. मुलांनो, तुमच्या मोबाईलमध्ये स्वतःचे दोनशे फोटो असतील. अम्मींच्या हातांचा एक तरी आहे का? आधी त्यांना विचारा. बाजूने बसा, उभे राहून वरून काढू नका. पान, तंबाखू, बोटे एवढेच चौकटीत घ्या.

काही घरांत माणसांचे चित्र काढणे योग्य मानत नाहीत. त्या भावनेचा मान राखा. दारे, सावल्या, वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा यांवरही सगळा सराव होतो. आणि पाठमोरे चित्रही बोलते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी १९४८ मध्ये श्रीनगरच्या हरी पर्वतावर पहाटे दुआ मागणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे एक छायाचित्र काढले. स्त्रिया पाठमोऱ्या आहेत, समोर दरी आणि दूर डोंगर. पसरलेल्या हातांपुढची ती मोकळी जागा बोटाने झाकून पाहा, चित्र लगेच कोंडल्यासारखे होते. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असे समजणाऱ्यांनी ते जरूर पाहावे.

माझी वेळ संपत आली आहे. कार्यक्रमानंतर मैदानात सामुदायिक छायाचित्र निघणार आहे. ज्या विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा असेल त्याने सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, पण सगळ्यांचे डोळे मिचमिचे होत असतील तर रांग झाडाच्या सावलीत न्यावी. बटण दाबण्यापूर्वी चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या मावशी उजव्या टोकाला उभ्या राहतात, त्या चौकटीत आल्या की नाहीत ते पाहावे. नसतील तर दोन पावले मागे जावे.