वावरातलं मीठ, अंगातलं मीठ
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाच्या बैठकीत बी.पी.चा विषय कशाला, असं काहींना वाटेल. आम्हालाही वाटत होतं. पण आमच्या मोर्चात पुढे चालणारी दोन माणसं लकव्यानं खाटेला खिळली आणि दोन्ही घरी दवाखान्यापायी वावराचा सौदा झाला. दोघांचंही कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं. हा आजार दुखत नाही, म्हणून तर तो घात करतो.

हा शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाचा आजार, आम्ही तर ढोरासारखे राबतो, असं आपण म्हणतो. खरंच राबतो? निंदण आणि वेचणी मायबहिणींकडे. वखरण ट्रॅक्टरकडे गेलं, तणावर फवारा आला, वावरात जायला मोटारसायकल. होळीपासून मृगापर्यंत तर पार आणि पानठेला एवढाच आपला फेरा.

आता मिठाचं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आहे. तिथं जमिनीत ओल असूनही पऱ्हाटी माना टाकते, कारण क्षार पाणी धरून ठेवतात. अंगातलं जादा मीठही तसंच पाणी धरतं. नसांतलं रक्त वाढतं, दाब चढतो. ठिबकच्या नळीवर रोज जादा दाब दिला तर कुठंतरी जोड सुटतोच. माणसाच्या मेंदूतली नस फुटते, नाहीतर मूत्रपिंड जातं. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर खारं पाणी पिणाऱ्या लोकांत बी.पी. जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. तेव्हा खारपाणपट्ट्याला पिण्याचं गोडं पाणी ही आपली मागणी आहे, ती कोणी पथ्यपाणी समजून बाजूला ठेवू नये.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. म्हणजे पाच माणसांच्या घरात किलोचा पुडा निदान ४० दिवस पुरला पाहिजे, आणि त्यातच लोणचं, पापड, शेव धरायची. आमच्या घरी पुडा २५ दिवसांत संपत होता, हे कबूल करतो. कमी सोडियमचं मीठ दुकानात मिळतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

खायचं काय? ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, बिनमिठाचं ताक. घरची ज्वारी बाजारात घालून त्याच पैशात टोस्ट आणि शेव आणणारे आपणच.

नुसत्या खाण्यानंही भागत नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी वजन जास्त आणि बी.पी. वाढलेल्या १४४ जणांना चार महिने तपासलं. निकाल २०१० साली छापून आला. नेहमीचंच खाणाऱ्यांचा वरचा आकडा साधारण ३ नं उतरला, आहार बदलणाऱ्यांचा ११ नं, आणि आहारासोबत व्यायाम करून वजन उतरवणाऱ्यांचा १६ नं. व्यायाम म्हणजे तालीम नव्हे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भराभर चालायचं, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतकं. उन्हाळ्यात गाडी घरी ठेवा, वावरात पायी जा. ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी मात्र हे ऐकून गोळी सोडायची नाही.

तिशीच्या पुढच्यांची तपासणी उपकेंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारा. १४०/९० किंवा वर आकडा आला तर दुसऱ्या दिवशी परत मोजून डॉक्टरकडे जा. पुढच्या बैठकीला आम्ही मशीन ठेवणार आहोत. आधी कार्यकर्त्यांचे हात, मग तुमचे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू बंद आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. आपल्या बैठकीत हे शेवटचंच अवघड जाणार आहे.