दरवर्षी एक सुई : घ्यावी की नाही?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात एप्रिल २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला 'आरोग्य' या विषयावर बोला म्हणून सांगितलं. मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. सदतीस वर्षं मेडिकल स्टोअर चालवलं, एवढीच माझी पात्रता. तर ते म्हणाले, "काकाजी, तुम्ही ते फ्लूच्या इंजेक्शनचंच सांगा. दरवर्षी मे महिन्यात अर्धी सोसायटी तुम्हालाच विचारून राहिली, घेऊ का नको." म्हणून आज एकच विषय. दरवर्षीची फ्लूची लस घ्यावी की नाही, आणि हे ठरवायचं कसं.

आधी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

२०१५ चा फेब्रुवारी महिना. जुन्या लोकांना आठवत असेल. त्या हंगामात देशात स्वाईन फ्लूचे ४२ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि तीन हजारांच्या आसपास माणसं गेली. आपल्या नागपुरालाही चांगलाच फटका बसला. पेपर उघडला की पहिल्या पानावर आकडा. माझ्या दुकानात मास्क सकाळी यायचे आणि दुपारपर्यंत संपायचे. दिवसभर मी काउंटरवर उभा राहून लोकांना सांगत होतो, अंगावर काढू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि घरी काय चाललं होतं? आमच्या हिला ताप आला. खोकला, अंग ठेचल्यासारखं दुखणं. तिला मधुमेह आहे, हे मला माहीत होतं. तिच्या गोळ्या मीच तर आणायचो. मी म्हटलं, व्हायरल आहे, दोन दिवसांत जाईल. पॅरासिटामॉल दिली. तिसऱ्या दिवशी दुकानातूनच एक अँटिबायोटिक आणून दिलं. फ्लू हा विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही हे शिकलेला माणूस मी! चौथ्या दिवशी पहाटे ती म्हणाली, "श्वास पुरत नाही हो."

एक्स-रे काढला तर दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. अकरा दिवस आयसीयूत, त्यातले पाच व्हेंटिलेटरवर. फ्लूवरचं औषध, ज्याला आपण टॅमीफ्लू म्हणतो, ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. ते तास मी घालवले होते. आणि खरी बोच पुढे आहे. त्या हिवाळ्यात माझ्या दुकानाच्या फ्रिजमध्ये फ्लूची लस होती. दुसऱ्यांना मी ती विकत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

ती वाचली. आज समोरच्या रांगेत बसली आहे आणि मी हे का सांगून राहिलो म्हणून माझ्याकडे रागानं बघते आहे. पण त्या वर्षी सगळ्यांचीच माणसं घरी परतली नाहीत.

आता मुद्द्यावर येतो.

पहिला प्रश्न सगळे विचारतात : पोलिओचे डोस लहानपणी घेतले की झालं, मग हीच सुई दरवर्षी कशाला? कारण फ्लूचा विषाणू बहुरूपी आहे. थोडाथोडा सतत बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसून ठरवते की पुढच्या हंगामाच्या लसीत कुठले प्रकार घालायचे. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. उदाहरण द्यायचं तर २००९ च्या साथीपासून लसीत 'कॅलिफोर्निया' नावाचा स्वाईन फ्लूचा प्रकार असायचा. २०१७ च्या दक्षिणेकडच्या लसीपासून त्या जागी 'मिशिगन' आला. शिवाय लसीनं आलेली ताकदही काही महिन्यांत ओसरत जाते. म्हणून दरवर्षी.

दुसरा प्रश्न : उपयोग किती? इथे मी काही लपवत नाही. ज्या वर्षी लस आणि विषाणू यांची जोडी चांगली जमते, त्या वर्षी आजारी पडण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे लस न घेतलेल्यांपैकी दहा जण आजारी पडणार असतील, तर तेवढ्याच लस घेतलेल्या लोकांत चार ते सहा जण पडतील. जोडी जमली नाही तर फायदा आणखी कमी. म्हाताऱ्या माणसांत तर तसाही थोडा कमीच. मी स्वतः २०१९ ला लस घेऊनही फ्लूनं झोपलो होतो. तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ मला आजही त्यावरून चिडवतात. पण मी चार दिवसांत उठलो आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही. लसीचं मोठं काम हेच. ती प्रत्येक वेळी आजार अडवेल असं नाही, पण आजार वाढून फुप्फुसापर्यंत जाण्याची शक्यता कमी करते.

आणखी एक गैरसमज. "मी सुई घेतली तरी मला सर्दी झालीच!" होणारच. साध्या सर्दीचे विषाणू वेगळे, कोविडचा वेगळा. ही सुई फक्त फ्लूची. आणि सुईमुळेच फ्लू होतो म्हणणाऱ्यांना सांगतो, या इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो, त्यातून फ्लू होऊ शकत नाही. हात दुखतो, एखादा दिवस अंगात कसकस राहते, एवढंच.

धोका अजिबातच नाही का? कुठल्याच औषधाला असं म्हणता येत नाही. अमेरिकेत १९७६ साली स्वाईन फ्लूची लस घाईघाईनं देशभर दिली. तेव्हा एक लाखात साधारण एकाला नसांचा लकवा आणणारा गियाँ-बारे नावाचा आजार जडला आणि ती मोहीम थांबवावी लागली. आजच्या लसींत हा धोका दहा लाखांत एक-दोन इतका धरतात, आणि खुद्द फ्लू झाल्यावरही तो आजार होऊ शकतो. ज्यांना पूर्वी तो आजार झाला आहे, किंवा आधीच्या फ्लू लसीची जोरदार ॲलर्जी आली आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. ताप असेल तर उतरेपर्यंत थांबावं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर सांगावं, म्हणजे टोचल्यावर जागा जरा जास्त वेळ दाबून धरतील.

तिसरा प्रश्न : कोणी घ्यावी? माझ्या मते हा हिशेब माणसागणिक नको, घरागणिक करावा. पासष्टीच्या वरचे, मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार असलेले, गर्भवती बाया, आणि सहा महिन्यांपासून आठ वर्षांपर्यंतची पोरं, यांनी टाळू नये. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदा द्यायची असेल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला ही लस देताच येत नाही. त्याला आईच्या पोटात असताना आईनं घेतलेल्या लसीचीच शिदोरी मिळते.

गेल्या महिन्यात आपल्याच विंगमधल्या एका भाऊंनी मला लिफ्टपाशी अडवलं. पंचेचाळिशीचे, धडधाकट, रोज सकाळी फुटाळ्याला फिरायला जातात. म्हणाले, "काकाजी, मला काय गरज हो?" मी म्हटलं, तुमच्यापुरती गरज कमीच. पण घरी तुमची ऐंशी वर्षांची माय आहे. ती तर दाराबाहेर जात नाही. मग तिच्यापर्यंत ताप कोण नेणार? ऑफिसातून तुम्ही आणि शाळेतून नातू. त्यांनी ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाले, मायची करतो, माझी नाही. ठीक आहे. त्यांचा निर्णय आहे, मी मानतो. फक्त एवढंच मागितलं की अंगात ताप असेल त्या दिवशी मायच्या खोलीत मास्क लावून जा.

चौथा प्रश्न आपल्या नागपूरचा : केव्हा? परदेशातली लेकरं फोनवर सांगतात, ऑक्टोबरमध्ये घ्या. त्यांच्याकडे फ्लू हिवाळ्यात येतो म्हणून. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी लहानशी जानेवारी ते मार्च. बघा, जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात, मग पाऊस, बंद खिडक्या, मग पोळा, तान्हा पोळा आणि मारबतीची गर्दी. रोगराई घेऊन जा म्हणून आपण मारबतीला ओरडून सांगतो, नेमकी त्याच दिवसांत घराघरांत खोकला असतो. लस घेतल्यावर ताकद यायला दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्यासाठी चांगली वेळ पावसाच्या आधीची, मे ते जूनची सुरुवात. चुकली तर नंतरही घेता येते, पण उशिरानं घेतलेली छत्री अर्धी भिजूनच मिळते.

आणि इथेच नागपूरची गोम आहे. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. गोठली तर खराब, तापली तरी खराब. आणि आपण ती घेतो नवतपाच्या आगेमागे, पारा ४५ वर असताना! एकदा एका गृहस्थानं माझ्याकडून लस घेतली, स्कूटरच्या डिक्कीत टाकली, वाटेत भाजी घेतली, दवाखान्यात गेला तर डॉक्टर नाहीत. दोन तासांनी परत आला, म्हणे, ठेवून घ्या, पैसे द्या. मी पैसे दिले नाहीत, भांडण झालं, आणि ती लस मी त्याच्यासमोर फेकून दिली. त्याला वाटलं मी माजलो आहे. पण ती लस टोचून घेऊन तो निर्धास्त झाला असता, हे जास्त वाईट होतं. तेव्हा नियम साधा : जिथे टोचणार तिथल्याच फ्रिजमधली घ्या. दुकानातून न्यायचीच असेल तर बर्फाच्या पॅकसोबत डब्यात ठेवा, पण थेट बर्फाला टेकवू नका, आणि सरळ दवाखान्यात जा. खोक्यावर हंगाम आणि मुदत वाचा. मागच्या हंगामाची उरलेली नको. तीन प्रकारांची की चार प्रकारांची यावर अडून बसू नका. चौथा प्रकार २०२० नंतर जगात कुठे सापडलेला नाही. टोचल्यावर वीस मिनिटं तिथेच बसा.

खर्च? खाजगीत एका माणसामागे साधारण दीड-दोन हजार धरा. चार माणसांच्या घराला हे जड आहे, मला कळतं. पैसे थोडेच असतील तर आधी आजी-आजोबा, मधुमेहवाले आणि लहान पोर, मग बाकीचे. जोखमीच्या गटांना सरकारी यंत्रणेतून मोफत लस देण्याची सोय राज्यानं केलेली आहे. साठा असेल तर मिळते, मनपाच्या दवाखान्यात आधी चौकशी करा.

माझी आजी काटोलकडची. १९१८ साली ती तेरा वर्षांची होती. त्या सालच्या फ्लूला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. मुंबई बंदरातून तो आला आणि आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाला देशात सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागांत नेऊन बसवलं. देशभरात सव्वा कोटीच्या वर माणसं गेल्याचे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या एकाच दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती मुख्यतः यामुळे. आजी सांगायची, एका घरातल्या सगळ्यांना एकदम ताप यायचा, पाणी द्यायलाही कोणी उरायचं नाही. तिच्याजवळ ठरवण्यासारखं काहीच नव्हतं. ना लस, ना औषध. आपल्याजवळ निदान ठरवायला काहीतरी आहे.

शेवटी एक प्रस्ताव. मे महिन्याच्या एखाद्या रविवारी, ज्यांची इच्छा आहे त्यांची नावं घेऊन, एका डॉक्टरांकडे आपण गटानं जावं. सक्ती कोणावर नाही, आणि सोसायटीच्या निधीतून एक रुपयाही नको, नाहीतर वार्षिक सभेत माझंच डोकं खाल! फक्त आपले दोन चौकीदार आणि सफाईवाल्या मावशी यांच्यासाठी आपण वर्गणी काढू. ते रोज आपल्या प्रत्येकाच्या दारात येतात आणि ताप आला तरी पगार कापला जाईल म्हणून सुट्टी घेत नाहीत. पहिली वर्गणी माझी.

आणि लस घ्या किंवा नका घेऊ, हे मात्र लक्षात ठेवा. घरात वयस्क, मधुमेही किंवा गर्भवती असेल आणि जोराचा ताप-खोकला आला, तर माझ्यासारखे चौथ्या दिवसापर्यंत थांबू नका. पहिल्याच दिवशी डॉक्टर. घरचा केमिस्ट कितीही हुशार असला तरी.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या सुखदुःखात धावलो. सुवर्णमहोत्सवालाही याच खुर्च्यांवर जास्तीत जास्त ओळखीचे चेहरे दिसोत, एवढीच इच्छा. पोहे थंड होऊन राहिले, म्हणून थांबतो.