वार्धक्याची सेवा आणि संगणकाची नोंदवही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सेवाधर्म या विषयावर माझ्यापेक्षा अधिकारी व्यक्ती या व्यासपीठावर बोलून गेल्या आहेत. माझा पिंड व्यापाऱ्याचा, शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणून मी सेवेच्या हिशेबावर बोलणार आहे. वृद्धाश्रमाच्या चार भिंतींआड काय घडते हे शासनाला कळावे कसे, आणि संगणक त्यात कितपत साहाय्य करतो, एवढाच माझा विषय. उदाहरण ऑस्ट्रेलियाचे घेतो. या वाटेने तो देश बराच पुढे गेला आहे आणि त्याला ठेचाही तितक्याच लागल्या आहेत.

तेथील ॲडलेड शहराच्या ओकडन या उपनगरात मानसिक विकारग्रस्त वृद्धांसाठी एक सरकारी निवासी केंद्र होते. २०१६ साली तपासणी झाली तेव्हा गुणवत्तेच्या ४४ पैकी ४४ कसोट्यांवर ते उत्तीर्ण ठरले. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, एका कुटुंबाच्या तक्रारीमुळे चौकशी झाली. वृद्धांची हेळसांड, त्यांना बांधून ठेवणे, औषधांतील गोंधळ असे सर्व बाहेर आले आणि केंद्र बंद करावे लागले. ज्या कागदावर ४४ खुणा होत्या, त्या कागदाला काय अर्थ उरला? २०१८ मध्ये तेथील शासनाने शाही आयोग नेमला. २०१९ च्या अंतरिम अहवालाला आयोगाने एकाच शब्दाचे नाव दिले, त्याचा अर्थ 'दुर्लक्ष'. २०२१ च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या.

या काळात जी यंत्रणा उभी राहिली तिचा कणा संगणक आहे. जुलै २०१९ पासून प्रत्येक निवासी केंद्राला दर तिमाहीला तीन गोष्टींचे आकडे कळवणे बंधनकारक झाले: पडून राहिल्याने होणारे शय्याव्रण, बांधून ठेवण्याचे प्रसंग आणि अकारण घटलेले वजन. २०२१ मध्ये पडण्याचे प्रसंग व औषधांची माहिती त्यांत आली. पुढे यादी आणखी वाढली. एप्रिल २०२१ पासून मारहाण, छळ, हेळसांड, पैशांची चोरी, अनपेक्षित मृत्यू अशा गंभीर घटना नियामक आयोगाला कळवाव्या लागतात; अति गंभीर असेल तर २४ तासांच्या आत. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक वृद्धामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटे शुश्रूषा व त्यांपैकी ४४ मिनिटे परिचारिकेची, असे प्रमाण ठरले. मिनिटांचा हिशेब! मला स्वतःला ही कल्पना फार आवडली. 'आम्ही प्रेमाने सेवा करतो' हे वाक्य तपासता येत नाही, मिनिटे तपासता येतात.

शेकडो मैल दूर बसलेल्या अधिकाऱ्याला त्यामुळे कोठे वजने घटत आहेत, कोठे माणसे वारंवार पडत आहेत हे दिसते आणि आधी कोणते दार ठोठवायचे हे ठरवता येते. डिसेंबर २०२२ पासून प्रत्येक केंद्राला एक ते पाच तारेही मिळतात. मुलगी-जावई घरबसल्या ते पाहून निवड करू शकतात.

आता या व्यवस्थेची खोट सांगतो. आपल्या दुकानात थान येते तेव्हा त्यावर मीटर लिहिलेले असतात. ते लिहितो विकणारा. जुना गुमास्ता मात्र पट्टी घेऊन मापून घेई. जीएसटीमध्येही विकणाऱ्याने भरलेले बिल घेणाऱ्याच्या विवरणात दिसते, दोन बाजू जुळवून पाहता येतात, म्हणून तेथे संगणक कामाचा. वृद्धाश्रमाच्या आकड्यांना समोरची बाजूच नसते. आजोबा किती वेळा पडले हे आश्रमच लिहितो, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना ते सांगता येत नाही. त्याहून वाईट असे की, जो व्यवस्थापक प्रत्येक पडणे प्रामाणिकपणे नोंदवतो त्याचा आश्रम कागदावर वाईट दिसतो, आणि जो लिहीतच नाही तो साजरा दिसतो. नियमभंग सिद्ध झालेल्या काही केंद्रांना तीन-चार तारे मिळाले, अशी टीका तेथे झालीच.

ऑस्ट्रेलियाने यावर जो उपाय केला तो मला समंजस वाटतो. ताऱ्यांची बेरीज करताना केंद्राने स्वतः कळवलेल्या गुणवत्तेच्या आकड्यांना वजन फक्त १५ टक्के ठेवले. सर्वाधिक, ३३ टक्के, वजन रहिवाशांच्या अनुभवाला दिले. बाहेरची माणसे येऊन वृद्धांशी समक्ष बोलतात आणि जेवण आवडते का, कर्मचारी तुमचे ऐकतात का, असे विचारतात. पुनर्मान्यतेची तपासणी तर २०१८ पासूनच पूर्वसूचनेशिवाय होऊ लागली होती. म्हणजे संगणकाने दिशा दाखवायची आणि माणसाने जाऊन पाहायचे.

आपल्याकडे २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, १४५६७ ही मदतवाहिनी आहे. सार्वजनिक न्यासांचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, हे विश्वस्तांना मी सांगायला नको. परंतु त्या हिशेबात रुपया असतो. वर्षात किती वृद्ध पडले, किती जणांना शय्याव्रण झाले, यासाठी त्या ताळेबंदात रकाना नाही. आपल्या समाजातील कितीतरी वडीलधारी मंडळी आज आश्रमांत राहतात. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशी, आणि पैसे दरमहा बँकेतून वळते होतात. पैसे पोहोचल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. आईचे वजन चार किलोने घटल्याचा येत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत विश्वस्त मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपण ज्या आश्रमांना देणगी देतो, त्यांच्याकडून दर तीन महिन्यांनी प्रत्येक वृद्धाचे वजन, पडण्याचे प्रसंग, शय्याव्रण आणि रात्रपाळीला असलेल्या सेवकांची संख्या एवढे मागवावे. आपल्या कार्यालयातील संगणकावर ही चार रकान्यांची वही सहज मावेल. जो आश्रम पडण्याचे प्रसंग जास्त कळवील त्याची देणगी मात्र कापू नये. त्याला कठडे बसवायला पैसे द्यावेत. आणि वर्षातून दोनदा, न कळवता, आपल्यापैकी दोघांनी जेवणाच्या वेळी तेथे जाऊन पंगतीत बसावे. पहिल्या खेपेस जाण्यासाठी माझे नाव लिहून घ्यावे. दुसरे नाव आज सभा संपल्यावर चिटणीसांकडे द्यावे, ही विनंती. जय जिनेंद्र.