आधी वाट, मग प्रवाह
(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी. ए., बी. एड. झालेला साधा शिक्षक आहे, अभियंता नव्हे. तरीही हौशी रेडिओतील, म्हणजे ज्याला 'हॅम रेडिओ' म्हणतात त्यातील, एक लहानसा पण महत्त्वाचा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

हा छंद निरुपयोगी आहे असे पालकांनी समजू नये. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओ चालकांचे एक पथक पोर्ट ब्लेअरमध्ये होते. दूरध्वनी बंद पडले असताना अंदमान-निकोबारमधील माणसांच्या खुशालीचे निरोप त्यांनी मुख्य भूमीकडे पोहोचवले. अशा वेळी यंत्र ऐनवेळी बंद पडून चालत नाही. म्हणूनच आजचा विषय.

हौशी चालकाच्या टेबलावर बहुधा एकच यंत्र असते. ते बोलतेही आणि ऐकतेही. त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. त्यातून साधारण 100 वॅट शक्ती बाहेर पडते. ती अधिक हवी असेल तर पुढे अॅम्प्लिफायर, म्हणजे शक्तिवर्धक, जोडतात. पण एरियल एकच! बोलताना ते वर्धकाला जोडायचे आणि ऐकताना थेट ट्रान्सीव्हरला. हा सांधा बदलण्याचे काम रिले करतो. विद्युतचुंबकाने पट्टी ओढली जाते आणि वाट बदलते. रेल्वेचा सांधा बदलतो तसेच हे.

विद्यार्थ्यांनो, आता थोडे गणित करू. 50 ओहम रोधात 100 वॅट शक्ती जाते तेव्हा दाब सुमारे 70 व्होल्ट असतो. उलट ऐकताना चांगला जोरदार समजला जाणारा संदेश 50 मायक्रोव्होल्टचा असतो. भागाकार करा. सुमारे चौदा लाख पटींचा फरक येईल. ज्या तारेतून आपण हे कुजबुजणे ऐकतो, तिच्यातूनच क्षणार्धात ही गर्जना जायची असते. सांधा चुकला तर नाजूक ग्राहक यंत्राचा पहिलाच ट्रान्झिस्टर जळतो.

सांधा बदलायलाही वेळ लागतो. साध्या रिलेला 15 ते 25 मिलिसेकंद लागतात. निर्वात रिले काही थोड्या मिलिसेकंदांत काम उरकतो. पापणी लवायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो, म्हणून आपल्याला हे एकाच वेळी घडल्यासारखे वाटते. पण विजेच्या दृष्टीने हा फार मोठा काळ आहे. ट्रान्सीव्हरने बटण दाबताच 10 मिलिसेकंदांत शक्ती सोडली आणि रिलेला 20 लागले, तर मधले 10 मिलिसेकंद पट्टी अधांतरी असते. शक्ती बाहेर पडते, पण तिला जायला वाट नसते. मग संपर्कबिंदूंवर ठिणगी उडते आणि ते खरवडले जातात. पुढे वर्धकातील भागही निकामी होऊ शकतात. मोर्स संदेशात मिनिटाला 20 शब्दांच्या वेगाने एक टिंब 60 मिलिसेकंदांचे असते. दोन टिंबांच्या मध्ये ऐकायचे ठरवले तर प्रत्येक टिंबाला रिले हलतो आणि प्रत्येक टिंबाला हा मार बसतो. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. काही महिन्यांनी संदेश मधूनच क्षीण ऐकू येऊ लागतात आणि माणूस दोष हवामानाला देतो!

याला उपाय एकच, क्रम. बोलायला सुरुवात करताना आधी एरियलवरचा ग्रहणवर्धक असेल तर तो बंद करावा, मग एरियलचा रिले बदलावा, नंतर शक्तिवर्धक जागा करावा आणि अगदी शेवटी शक्ती सोडावी. बोलणे संपताना बरोबर उलट करावे. आधी शक्ती थांबवावी, मग वर्धक झोपवावा, मग रिले परत आणावा आणि शेवटी ग्रहणवर्धक सुरू करावा.

हा क्रम राखणारे मंडल फार सुंदर आहे. पाण्याचा एक हौद डोळ्यांपुढे आणा. त्याच्या भिंतीवर खालून वर चार खुणा आहेत. पाणी भरू लागले की पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी अशा क्रमाने खुणा बुडतात. हौद रिकामा होऊ लागला की चौथी खूण आधी उघडी पडते आणि पहिली शेवटी. येथे हौद म्हणजे एक कपॅसिटर, पाण्याची पातळी म्हणजे त्याच्यावरील व्होल्टेज आणि चार खुणा म्हणजे चार तुलनाकारक. एलएम 339 या स्वस्त चिपमध्ये असे चार तुलनाकारक एकत्र मिळतात. जाताना सरळ आणि येताना उलट, हा क्रम वेगळा शिकवावा लागत नाही.

परंतु एवढ्यावर समाधान मानू नये. वेळ झाली म्हणजे काम झाले, असे नाही. रिले अडकला तरी हौद भरतच राहतो. म्हणून जाणकार लोक रिलेला एक जास्तीचा संपर्क ठेवतात. पट्टी खरोखर पोहोचल्याची खूण त्यावरून मिळाल्याशिवाय शक्ती सोडायला परवानगीच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. जुन्या नळीच्या वर्धकांत, उदाहरणार्थ हीथकिटच्या एसबी-220 मध्ये, रिलेच्या तारेवर शंभराहून अधिक व्होल्ट असतात. आजच्या ट्रान्सीव्हरचा लहान ट्रान्झिस्टर ते सोसत नाही. मध्ये एक दुय्यम मंडल घालावेच लागते. जुने आणि नवे जोडताना मध्यस्थ लागतो, हे आपणा घरसंसारी माणसांना सांगायला नको!

मुलांनो, एक सक्त सूचना. नळीच्या वर्धकात दोन-तीन हजार व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार उरू शकतो. त्याचे झाकण तुम्ही उघडायचे नाही. शिवाय केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतल्याशिवाय प्रक्षेपण करायचे नाही. पण 12 व्होल्टचा एक रिले, बॅटरी आणि चार दिवे घेऊन हा क्रम शाळेच्या प्रयोगशाळेत खुशाल करून पाहा.

पालकांना माझी एवढीच विनंती. घरात मूल तारा आणि रिले घेऊन बसले तर त्याला उठवू नका. जवळ बसा आणि विचारा, "बाळ, आधी काय आणि मग काय?" त्याला ते सांगता आले, तर त्याचा अभ्यास चालूच आहे असे समजा.