पशुखाद्याच्या धंद्यातील शिकलेले तरुण

खेड्यातल्या मुलाने रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले, की घरच्यांच्या डोळ्यांपुढे शाळेतली नाही तर कचेरीतली नोकरी उभी राहते. आपल्याच गोठ्यातल्या गव्हाणीपाशी त्या पदवीला काम आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दुधाच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा जनावराच्या खाण्याचा असतो. त्याचा हिशेब जाणणारी माणसे पशुखाद्याच्या कारखान्यांना आणि दूधसंघांना हवी असतात.

हा धंदा काही कालचा नव्हे. गुजरातेत आणंदजवळ कंजारी येथे खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूधसंघाने पशुखाद्याचा कारखाना काढला. १९६४ साली त्याच्या उद्घाटनाला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आले होते.

मग विद्यार्थ्याला शिकवायचे काय? पहिला धडा पाण्याचा. वीस किलो हिरवा मका टाकला की गव्हाण भरलेली दिसते. पण त्यात पंधरा-सोळा किलो पाणीच! पाचशे किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला तेरा ते पंधरा किलो कोरडा घटक लागतो. आता तुम्हीच करा वजाबाकी.

दुसरा धडा जरा अवघड आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियातही नत्र असते. म्हणजे हलक्या पेंडीत कोणी युरिया मिसळला, तर कागदावर प्रथिने वाढतात, पोत्यात नाही. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजंतू थोडा युरिया पचवतात, हे खरे. पण प्रमाण चुकले तर तेच विष होते, आणि लहान वासराला तर तो देऊच नये. अशा वेळी अहवालाखाली सही करणारा तरुण आकडा पाहून थांबतो की युरियाची वेगळी तपासणी मागतो, यावर कोणाची तरी म्हैस अवलंबून असते.

तीच गोष्ट बुरशीची. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारांनी मेले, ते बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने. हे विष गाईच्या दुधातही उतरते. म्हणून नमुना पोत्याच्या तोंडाचा घेऊन भागत नाही; मधला घ्यावा, तळाचा घ्यावा.

प्राध्यापक बंधूंना एक सुचवतो. पोती खपवणारा विक्रेता महिन्याभरात तयार होतो, त्यासाठी कॉलेज कशाला? मुलांना एक ताणकाटा द्या आणि गोठ्यात पाठवा. बहुतेक घरी वैरण बायकाच घालतात, तेव्हा घरधन्याला नव्हे, घरच्या बाईला विचारायला सांगा, "मावशी, आंबोण किती घालता?" ती म्हणेल, "दोन घमेली." मग ते घमेले भरून काट्याला लावायचे. दर घरचे घमेले वेगळे असते.