पडण्याच्या आधी



दरवर्षी ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. २०२५ साली त्याचा विषय होता निरोगी म्हातारपण: वयाबरोबर येणारी अशक्तता आणि पडणं कसं टाळायचं. दुसऱ्याच दिवशी, ९ सप्टेंबरला, दिल्लीत आरोग्य सेवा महासंचालनालयाचं एक पत्र निघालं. फिजिओथेरपिस्टनं नावाआधी ‘डॉक्टर’ लावू नये, असं त्यात म्हटलं होतं. १० तारखेला ते मागेही घेतलं गेलं. पण तोवर वादाला तोंड फुटलं होतं. नावाआधी काय लावायचं, यावर सगळे हिरीरीनं बोलत होते, आणि ८ तारखेचा विषय मात्र कुणाच्या लक्षात राहिला नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिल्लीच्या परिसरात काम करते. तो वाद ज्यांनी सोडवायचा ते सोडवतील. आज मला ८ तारखेच्या विषयावर बोलायचं आहे. तुमच्या आमच्या घरातली माणसं आमच्याकडे येतात ती पडल्यावर. पडण्याच्या आधी का येत नाहीत?

याचं एक कारण आमच्या व्यवसायाच्या जन्मातच आहे. भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते मुंबईत, केईएम रुग्णालयात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महापालिका यांनी मिळून ती शाळा काढली. निमित्त होतं पोलिओच्या साथीचं. लुळ्या पडलेल्या पायांना पुन्हा उभं कसं करायचं, हे शिकवणारी माणसं हवी होती. म्हणजे आजार होऊन गेला की आमचं काम सुरू. कॅलिपर, कुबड्या, पट्टे, व्यायाम. लोकांच्या मनात आमचं जे चित्र बसलं ते तिथून.

आता याच पोलिओची दुसरी बाजू बघा, ती दिल्लीत घडली. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत एकाच दिवशी दहा लाखांहून अधिक लहान मुलांना पोलिओचे थेंब पाजले गेले. डॉ. हर्षवर्धन तेव्हा दिल्लीचे आरोग्यमंत्री होते. पुढच्या वर्षी ही मोहीम देशभर गेली. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. दिल्लीतच तीस हजारीजवळ सेंट स्टीफन्स रुग्णालय आहे. पोलिओनं वाकलेले पाय सरळ करण्यासाठी तिथे खास वॉर्ड होता. डॉ. मॅथ्यू व्हर्गीस यांनी तिथे वर्षानुवर्षं त्या शस्त्रक्रिया केल्या. अशा वॉर्डात नवी मुलं येणं थांबलं ते थेंबांमुळे, आमच्या व्यायामानं नव्हे.

मग आमचं काम संपलं का? नाही. आता जे आजार आपल्याला जायबंदी करतात, त्यांतल्या बहुतेकांवर थेंबही नाहीत आणि लसही नाही. पडणं, पाठदुखी, मधुमेह. यांच्यावर जो डोस चालतो तो हालचालीचा. आणि तो मोजून देणं, माणसागणिक ठरवणं, वाढवत नेणं, हे तर आमचंच शिक्षण आहे.

आधी पडण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात आणि त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. आपल्याकडे याला आजार कुणी म्हणत नाही. ‘आजी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं’ असं सांगतात आणि नशिबाला बोल लावतात. पण २०१९ साली कॉक्रेन या संस्थेनं १०८ चाचण्या एकत्र तपासल्या, २३ हजारांहून जास्त वृद्ध माणसांच्या. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. कुठला व्यायाम? मुख्यतः तोल सांभाळण्याचा आणि रोजच्या उठबशीचा. नुसतं फिरायला जाण्याबद्दल तितकी खात्री देता आली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘आमचे बाबा रोज बागेत चार फेऱ्या मारतात, त्यांना काय होणार’ हे मी नेहमी ऐकते. फेऱ्या चांगल्याच. पण तोल वेगळा शिकावा लागतो.

पाठदुखीचं बघा. एकदा बरी झालेली पाठ पुन्हा दुखते, हा सगळ्यांचा अनुभव. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर एक चाचणी झाली, ती २०२४ला ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. निम्म्या लोकांना फिजिओथेरपिस्टनं चालण्याचा कार्यक्रम आखून दिला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्ध्या तासापर्यंत. शिवाय पाठदुखीबद्दल नीट समजावून सांगितलं. बाकीच्यांना काही दिलं नाही. ज्यांना काही दिलं नव्हतं त्यांची पाठ सरासरी ११२ दिवसांत पुन्हा दुखू लागली. चालणाऱ्यांची २०८ दिवसांनी. मशीन नाही, पट्टा नाही. चालणं, आणि ते कसं करायचं हे सांगणारं माणूस.

इथे आमच्या व्यवसायालाही दोन शब्द ऐकवायला हवेत. लोक म्हणतात, ‘मी शेक घ्यायला जातो’, ‘करंट घ्यायला जातो’. लोकांना ही सवय लावली कुणी? आम्हीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली जुनाट पाठदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि शिक्षण यांची शिफारस आहे, आणि ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स नावाचं विजेचं मशीन, कमरेचे पट्टे हे नेहमीच्या उपचारात देऊ नका असं म्हटलं आहे. अनेक क्लिनिकांमध्ये नेमकं हेच चालतं. तुमचा फिजिओथेरपिस्ट तुम्हाला फक्त मशीनला जोडून निघून जात असेल, तर त्याला जरूर विचारा: मी घरी काय करू? त्याचं उत्तर मिळालं नाही, तर दुसरा शोधा. आणि पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. ही वाटणी दोघांनीही पाळायची असते.

मधुमेहाचा पुरावा तर आपल्याच देशातला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांना तीन वर्षं पाहिलं. २००६ साली निष्कर्ष आले. फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. खाण्यापिण्यात आणि हालचालीत नीट मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. शंभरातली सोळा माणसं वाचली, असं समजा.

दिल्लीच्या परिसरात या सगळ्याला एक आणखी गाठ आहे, ती हिवाळ्याची. नोव्हेंबर ते जानेवारी हवा इतकी विषारी होते की वृद्धांनी बाहेर पडू नये, असंच सांगावं लागतं. त्यात धुकं आणि थंडी. वर्षभर बागेत जाणारी माणसं दोन-तीन महिने रजईत बसतात. म्हातारपणी हलणं थांबलं की पायातली ताकद झपाट्यानं जाते. मग फेब्रुवारीत ऊन पडतं, आजोबा जुन्याच भरवशावर बाहेर पडतात आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या जिन्यावर पाय अडखळतो. हवा वाईट असताना बाहेर जा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण हवा बिघडली की व्यायाम बंद करायचा नसतो, तो घरात आणायचा असतो.

तो घरात कसा आणायचा, ते सांगते. न हलणारी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घाला. कुणीतरी जवळ उभं राहा आणि तीस सेकंद मोजा. तेवढ्यात पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं? साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाचं चौदापेक्षा कमी, बाईचं बारापेक्षा कमी झालं, तर पडण्याचा धोका वाढला आहे असं समजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तरसाठी हेच आकडे बारा आणि दहा. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर शून्य धरायचं. छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर हे करू नका, डॉक्टरांना विचारा. आकडा कमी आला तर घाबरू नका, कारण तो वाढवता येतो. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचला. एका पायापुढे दुसरा पाय ठेवून उभं राहा. खुर्चीवरून सावकाश उठा, सावकाश बसा. पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांनी असे तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आणि घरात नुसते लोकरी मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालू नका.

हे सगळं आमच्यासारख्यांच्या क्लिनिकात अडकून राहिलं, तर उपयोग नाही. २०२१ साली संसदेनं आमच्यासारख्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आरोग्य व्यावसायिकाची कामं सांगितली आहेत, आणि त्या यादीत पहिला शब्द प्रतिबंधाचा आहे. उपचार आणि पुनर्वसन त्यानंतर. कागदावर आम्ही पडण्याच्या आधी आहोत. प्रत्यक्षात मात्र वृद्धांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातली फिजिओथेरपीची भक्कम सोय जिल्हा रुग्णालयात, म्हणजे हाड मोडल्यावर जिथे पोहोचतात तिथे. उपकेंद्राच्या पातळीवरच्या आरोग्य मंदिरात साखर मोजतात, रक्तदाब मोजतात. खुर्चीवरून किती वेळा उठता, हे तिथे कुणी विचारत नाही.

प्रत्येक केंद्रात फिजिओथेरपिस्ट बसवा, अशी माझी मागणी नाही. तेवढी माणसंही नाहीत. पण आठवा, पोलिओचे थेंब घरोघरी जाऊन डॉक्टरांनी नव्हते पाजले. अंगणवाडी सेविकांनी, आशांनी, स्वयंसेवकांनी पाजले. एक फिजिओथेरपिस्ट वीस आशाताईंना ही तीस सेकंदांची चाचणी आणि चार व्यायाम एका दिवसात शिकवू शकतो. ज्यांचा आकडा कमी, त्यांनाच पुढे आमच्याकडे पाठवायचं. पोलिओच्या मोहिमेत आणखी एक शहाणपण होतं. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद व्हायची, मग कारण काहीही निघो. आपण मोडलेल्या खुब्याची नोंद करतो. त्याआधी आजी तीनदा पडली होती, हे कुठल्याच वहीत नसतं. घरातलेही ते विसरतात, कारण ‘लागलं नाही ना’ एवढं विचारून विषय संपतो.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगते, आजच करण्यासारखं. घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसाला विचारा, गेल्या वर्षभरात तुम्ही कधी पडलात का? दूर असाल, तर फोनवर विचारा. ‘हो’ म्हणाले तर लागलं का, हे नंतर विचारा. आधी तारीख लिहून ठेवा, आणि त्यांना डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे घेऊन जा. खुबा अजून शाबूत आहे, तोवरच.